बाल्कनीत काय ठेवायचं, काय उचलायचं

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल: फ्लॅटच्या छोट्या बाल्कनीत खुर्च्या, टेबल, झोपाळा यांची जुळणी कशी करायची. पण घरात गुडघे दुखणारी आजी असेल, तर जिना न उतरता मिळणारं ऊन आणि आभाळ तिच्यासाठी तेवढंच असतं. आणि नेमकी तीच जागा आपण रद्दी, सायकल आणि न मावणाऱ्या सेटने भरून टाकतो.

पुण्याच्या जुन्या वाड्यांतली ओसरी आठवा. झोपाळा कायमचा टांगलेला. बाकी सतरंजी, पाट माणसं आली की बाहेर, उठली की आत. लहान जागेचा नियम हाच: एक वस्तू कायमची, बाकीच्या घडीच्या.

आता मापं घेऊ. समजा, बाल्कनी 4 फूट रुंद आणि 8 फूट लांब आहे. खुर्च्या कठड्याकडे तोंड करून ठेवल्या, तर 2 फूट खुर्ची आणि दीड फूट पाय. ये-जा करायला जागाच उरत नाही. त्याच खुर्च्या दोन टोकांना, भिंतीला पाठ लावून, समोरासमोर ठेवा. मध्ये 4 फूट राहतात. पाय मावतात, दीड फुटाचं घडीचं टेबल मावतं आणि ते मिटलं की दारही मोकळं. झोपाळा हवा असेल, तर तो लांबीच्या दिशेने झुलेल असा टांगा, पण स्लॅबला भोक पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

दुसरी गोष्ट कठड्याची. बाक किंवा पेटी कठड्याला लावून ठेवू नका. बैठकीची उंची साधारण दीड फूट असते. लहान मूल तिच्यावर उभं राहिलं, की त्याच्यापुरता कठडा दीड फुटाने बुटका झाला. शोभेचा विचार यानंतर.

वजनाचंही तसंच. आयएस 875 या भारतीय मानकात घरांच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला किमान 3 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 300 किलो भार धरलेला आहे. यात माणसंही आली. ओल्या मातीची मोठी कुंडी सहज 25-30 किलोंची होते. म्हणून जड कुंड्या आतल्या भिंतीजवळ ठेवा, बाहेरच्या कडेला नको.

मग येतं सामान कशाचं घ्यायचं ते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊन भाजून काढतं आणि जूनपासून पावसाची झड आत येते. हलकं प्लॅस्टिक उन्हाने कडक होऊन तडकतं, साधं लोखंड गंजतं, वेत भिजला की बुरशी धरतो. कायमच्या वस्तूसाठी सागवान किंवा पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम बरं. वेताचा मोडा जरूर घ्या, पण तो रोज उचलून आत न्यायचा. पाणी जायच्या जाळीवर काहीही ठेवायचं नाही.

रंगांचं काय? कठडा आणि फरशी यांचे रंग आधीच ठरलेले असतात. त्यातला एक उचला, गादीला तोच द्या. वस्तू वेगवेगळ्या दुकानांतल्या असल्या तरी एका घरातल्या वाटतात.

खरेदीआधी एक करा. जे घ्यायचंय त्याच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद कापून फरशीवर चिकटवा आणि दोन दिवस तिथे वावरा. आजीला हातात चहाचा कप घेऊन कागदावर पाय न देता खुर्चीपर्यंत जाता आलं, तर जुळणी जमली.