सिमेंटचे खळे : आधी पाण्याचा हिशेब

पारनेर तालुका पर्जन्यछायेत येतो. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते, आणि खळेही त्याच सुमारास करण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु तेव्हा विहिरींचे पाणी खोल गेलेले असते. म्हणून हे काम दिवाळीनंतर लगेच उरकणे श्रेयस्कर.

काळी माती काढून मुरूम भरावा व पाणी मारून धुमसाने ठोकावा. त्यावर सिमेंट, वाळू व खडी १:२:४ प्रमाणात घेऊन १० सेंटिमीटर जाडीचा थर किंचित उतार देऊन घालावा. सहा मीटर लांब-रुंद खळ्यास सुमारे २३ पोती सिमेंट लागते. दर पोत्यास २५ ते २८ लिटर पाणी पुरे. माल पसरण्यास सोपा जावा म्हणून अधिक ओततात, त्याने खळे कच्चे राहते. वर आलेले पाणी ओसरल्यावरच गुरमाळा फिरवावा. ते शोषण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरल्यास पुढे पापुद्रे सुटून धान्यात मिसळतात.

दुसऱ्या दिवशी मातीचे वाफे बांधून निदान १० दिवस पाणी साठवावे. अडीच सेंटिमीटर पाण्यास ९०० लिटर लागतात, म्हणजे कालविण्याहूनही अधिक; शिवाय रोजची भर निराळी. तितके नसल्यास ओली पोती अंथरावी, ती दुपारीही सुकू देऊ नयेत. भरलेली गाडी २८ दिवस खळ्यावर आणू नये.