कंबरेचा टेप आणि हाडांचा रिपोर्ट

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा कागद हातात पडला की नजर आधी टी-स्कोअरवर जाते. उणे १ किंवा त्याहून वर असेल तर हाडं ठीक, त्याखाली गेला की विरळ होऊ लागलेली, आणि उणे २.५ किंवा त्याहूनही खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४मध्ये आखलेल्या या रेघांवरच आजही डॉक्टरांचं निदान चालतं. पण पाळी गेलेल्या ज्या बाईला साखर आहे, बीपीची गोळी चालू आहे आणि जिचं पोट सुटलंय, तिला हा आकडा बरेचदा खोटा दिलासा देतो.

पोट, साखर, रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स आणि घटलेलं एचडीएल यांतली कुठलीही तीन लक्षणं एकत्र आली की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. अमेरिकी डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८मध्ये या गोतावळ्याकडे लक्ष वेधलं. भारतीय बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर आहे. वजनकाट्यावर विसंबून चालत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच उदाहरणावरून दाखवलंय. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

आता हाडांकडे येऊ. हाड आयुष्यभर मोडत आणि बांधत राहतं. मोडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवरून धरतं. पाळी थांबली की हा लगाम सुटतो आणि पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज झपाट्याने होते. याच काळात चरबीचा मुक्काम मांड्यांवरून पोटात हलतो. पोटातली ही चरबी नुसती पडून राहत नाही, सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडते आणि त्यांनी हाड मोडणाऱ्या पेशींना आणखी चेव येतो. भरीला, हाडाच्या मगजात चरबीची पेशी आणि हाड बांधणारी पेशी एकाच मूळ पेशीपासून तयार होतात. तिथे चरबीचं पारडं जड झालं की बांधकामाला माणसं कमी पडतात.

मग जाड बाईची हाडं दणकट, हा समज आला कुठून? तो अगदीच खोटा नाही. वजनाचा भार पेलताना हाड घट्ट होतं, शिवाय चरबीतून थोडं इस्ट्रोजेनही बनतं. म्हणून टाइप २ मधुमेहात टी-स्कोअर अनेकदा चांगलाच निघतो. आणि तरीही हाड मोडतं.

ग्यानबाची मेख इथेच आहे. डेक्सा मोजते ते खनिज. पण हाडाला चिवटपणा देतं ते कोलॅजेन नावाचं प्रथिन, आणि साखर डल्ला मारते ती त्याच्यावर. एचबीए१सी ही चाचणी घरोघरी माहीत झाली आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते ती सांगते. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, त्यामुळे तिथला हिशेब चार महिन्यांत नवा होतो. कोलॅजेन वर्षानुवर्षं तिथेच असतं. त्याला चिकटलेली साखर धाग्याधाग्यांत आडवे बांध घालते आणि हाड ठिसूळ होतं. त्यातून मधुमेहात मोडणं-बांधणं मंदावतं, म्हणजे जुनं हाड बदललंच जात नाही. वर पायांना मुंग्या, अंधूक नजर, साखर उतरल्यावर येणारी भोवळ. पडायला एवढं पुरे.

अमेरिकेतल्या २०११च्या एका मोठ्या अभ्यासाने टी-स्कोअर आणि खरा धोका यांतल्या फरकाला आकडा दिला. खुबा मोडण्याचा धोका पाहिला, तर मधुमेही बाईचा टी-स्कोअर सुमारे ०.६ने खाली धरावा लागतो. रिपोर्टवर उणे १.९ असेल तर ते उणे २.५ समजायचं. धोका मोजायला डॉक्टर जे फ्रॅक्स गणित वापरतात, त्याच्या मूळ फॉर्ममध्ये टाइप २ मधुमेहाला रकानाच नाही. ही त्रुटी साधी नाही, असं माझं मत आहे.

उपाय म्हणून ‘रोज चाला’ एवढंच सांगून बायकांची बोळवण होते. साखरेसाठी ते उत्तम, पण हाडाला वजन उचललेलं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर प्रयोगात हाडं विरळ झालेल्या, साठीच्या आसपासच्या आणि पुढच्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता वाढली. हे घरच्या घरी एकटीने करून बघायचं काम नव्हे. नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं तर चरबीबरोबर हाडही उतरतं, म्हणून डाळ-उसळ, अंडी, दूध-दही ताटातून काढू नका. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत त्यातलं साडेतीनशेच्या आसपास मिळतं.

आणखी एक. मधुमेहाच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन असेल, तर त्याने बायकांमध्ये हाड मोडण्याचा धोका वाढतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. साखरेची फाइल एका दवाखान्यात आणि हाडांची दुसऱ्या दवाखान्यात असेल, तर पुढच्या वेळी दोन्ही एकाच डॉक्टरांसमोर ठेवा.