पॅकेट रेडिओच्या आज्ञा आणि वऱ्हाडी आज्ञार्थ

हौशी रेडिओ-चालकांच्या ‘टीएनसी-२’ (१९८५) या नियंत्रकास द्यावयाच्या आज्ञांत एक भेद लक्षणीय आहे. ‘कनेक्ट’ ही आज्ञा तत्क्षणी पाळली जाते. ‘बीकन एव्हरी ६०’ ही मात्र पुढे दर ६०० सेकंदांनी पाळावयाची असते, कारण तिचे एकक १० सेकंदांचे आहे. अमरावती-अकोल्याकडील वऱ्हाडीत असा भेद क्रियारूपातच आढळतो : ‘सांग’ म्हणजे आत्ता, ‘सांगजो’ म्हणजे पुढे, वेळ येईल तेव्हा.

तथापि आज्ञार्थ केवळ रूपाने सिद्ध होत नाही. नियंत्रक संभाषणाच्या अवस्थेत असता ‘डिस्कनेक्ट’ हा शब्द टंकल्यास संबंध तुटत नाही; तो शब्दच संदेश म्हणून दूरच्या केंद्राकडे जातो. त्यासाठी प्रथम ‘कंट्रोल-सी’ने आज्ञेच्या अवस्थेत परतावे लागते. बोलणे कोणास उद्देशून आहे हे ठरल्यावाचून आज्ञा ही आज्ञा होत नाही.