दिलेल्या शब्दाची किंमत : स्टुडबेकर कारखान्याची हकीकत



अमेरिकेंतील मोटारींच्या धंद्याची गोष्ट निघाली म्हणजे फोर्ड आणि जनरल मोटर्स हीं नांवें आपल्या ओठांवर येतात. जे जिंकले त्यांचा इतिहास सर्वांना ठाऊक असतो. आज मी जो कारखाना अखेर हरला त्याची हकीकत सांगणार आहें. त्याचें नांव स्टुडबेकर. वडीलधाऱ्या श्रोत्यांपैकीं कांहींना या नांवाची ऐटदार मोटार आठवतही असेल. हिंदुस्थान मोटर्सनें एके काळीं या मोटारी आपल्या देशांत जुळविल्या होत्या. मी कांहीं यंत्रांचा जाणकार नाहीं. आयुष्यभर शाळेंत मुलांना गणित आणि इतिहास शिकविला, आणि आतां निवृत्तिवेतनावर निर्वाह करतों. परंतु हा कारखाना बंद पडला तेव्हांची एक गोष्ट माझ्या वाचनांत आली, आणि तेव्हांपासून महिन्याची पहिली तारीख उजाडली कीं मला ती आठवते. ती गोष्ट शेवटीं सांगेन. आधीं आरंभ पाहूं.

अमेरिकेच्या इंडियाना संस्थानांत सेंट जोसेफ नदीच्या कांठीं साउथ बेंड नांवाचें गांव आहे. तेथें १८५२ च्या फेब्रुवारींत हेन्री आणि क्लेमेंट स्टुडबेकर या दोघां भावांनीं लोहारकीचें दुकान मांडलें. भांडवल अवघें ६८ डॉलर. घोड्यांना नाल मारावे, मोडलेलीं अवजारें सांधून द्यावीं आणि मागणी आलीच तर एखादा गाडा बांधून द्यावा, असा त्यांचा उद्योग. पहिल्या वर्षीं दोनच गाडे बांधून झाले. त्यांचा बापही लोहार आणि गाडे बांधणारा. त्यामुळें लांकूड पुरतें वाळल्याखेरीज त्याला हात लावूं नये, आणि लोखंडी धाव तापवून चाकावर अशी चढवावी कीं निवल्यावर तिनें सारें चाक आवळून धरावें, ही विद्या घरचीच होती. आपल्याकडील सुतार-लोहारांनाही ती नवी नाहीं. गाड्याची पारख पहिल्या दिवशीं होत नाहीं. दोन उन्हाळे गेल्यावर चाक खिळखिळें झालें कीं नाहीं, यावर ती ठरते. म्हणून गाडेवाल्याचा सारा धंदा त्याच्या शब्दावर चालतो. कबूल केलें असेल त्याहून अधिक द्यावें, हें या घराण्याचें ब्रीद होतें. श्रोत्यांनीं तें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

तिसरा भाऊ जॉन मोहलर १८५३ सालीं सोन्याच्या शोधांत कॅलिफोर्नियाला निघाला. प्रवासाच्या खर्चाबद्दल त्यानें तांड्याला एक गाडा बांधून दिला. प्लेसरव्हिल येथें तो पोंचला तेव्हां त्याच्या खिशांत पन्नास सेंट उरले होते. तेथील एका लोहारानें त्याला खाणवाल्यांसाठीं एकचाकी हातगाड्या करावयास बसविलें. सोनें खणावयास गेलेले पुष्कळजण रिकाम्या हातांनीं परतले. हातगाड्या करणारा जॉन मात्र पांच वर्षांत सुमारें ८,००० डॉलर गांठीं बांधून १८५८ सालीं घरीं आला. त्या सुमारास कारखान्याकडे सैन्यासाठीं गाड्यांची मागणी येऊं लागली होती. थोरला हेन्री ज्या ख्रिस्ती पंथाचा होता त्यांत युद्ध निषिद्ध; त्याचें मन या कामांत रमेना. जॉननें त्याचा वांटा विकत घेतला. पुढें १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें आणि उत्तरेकडील सरकारच्या फौजेला साउथ बेंडहून गाडे जाऊं लागले. युद्धानंतर पश्चिमेकडे वस्ती करावयास निघालेल्या कुटुंबांनीं तेच गाडे पसंत केले. १८७४ सालीं आगींत कारखान्याचा मोठा भाग जळाला. तो पुन्हां उभा राहिला. एकोणिसावें शतक संपत आलें तेव्हां जगांतील सर्वांत मोठ्या गाडे-कारखान्यांत त्याची गणना होत होती.

मग मोटार आली. गाडे बांधणारे कारखाने अमेरिकेंत पुष्कळ होते. त्यांतील बहुतेक घोड्यांबरोबरच गेले. स्टुडबेकर टिकला, कारण त्यानें घाईही केली नाहीं आणि हट्टही धरला नाहीं. १९०२ सालीं त्यानें विजेवर चालणारी मोटार विकावयास काढली, १९०४ सालीं पेट्रोलवर चालणारी. पुढें डेट्रॉइट येथील ई. एम. एफ. नांवाच्या कंपनीच्या मोटारी तो आपल्या दुकानांतून विकूं लागला. त्या मोटारी इतक्या बिघडत कीं त्या तीन अक्षरांचा 'रोज सकाळीं दुरुस्त करा' असा अर्थ लोकांनीं थट्टेनें लावला होता. वयोवृद्ध जॉन मोहलरना हें सहन झालें नाहीं. ती कंपनीच ताब्यांत घेण्यांत आली, आणि नाराज झालेल्या गिऱ्हाइकांच्या घरीं कारागीर पाठवून सदोष भाग बदलून देण्यांत आले. या कामीं सुमारें १० लाख डॉलर खर्च झाले असें सांगतात. विकलेल्या मालाची जबाबदारी विकणाऱ्यावर असते, हें तत्त्व त्यांनीं असें रोख मोजून पाळलें. १९११ सालीं स्टुडबेकर कॉर्पोरेशन स्थापन झालें. १९१७ सालीं जॉन मोहलर निवर्तले, आणि थोड्याच वर्षांत गाडे बांधणेंही थांबलें.

घराण्याच्या हातून कारभार आल्बर्ट अर्स्किन यांच्याकडे गेला. ते १९१५ सालीं अध्यक्ष झाले. गृहस्थ हुशार, हिशेबांत तरबेज आणि मोठे आशावादी. पहिलीं चौदा-पंधरा वर्षें भरभराटीचीं गेलीं. १९२८ सालीं त्यांनीं पिअर्स-ॲरो ही श्रीमंती थाटाच्या मोटारींची कंपनीही घेतली. १९२९ च्या अखेरीस मोठी मंदी आली. हें वादळ लवकर ओसरेल अशी अर्स्किन यांची खात्री होती. भागधारकांचा विश्वास ढळूं नये म्हणून १९३० सालीं त्यांनीं त्या वर्षाच्या नफ्याच्या कित्येक पट लाभांश वांटला, आणि पुढील वर्षींही भांडवलास हात घालून तोच क्रम चालविला. पावसाळा लांबला म्हणजे शहाणा शेतकरी बियाणें राखून ठेवतो. येथें बियाणेंच दळून खाल्लें गेलें. १९३३ च्या मार्चमध्यें कंपनीचा कारभार न्यायालयानें नेमलेल्या रिसीव्हरांकडे गेला. त्याच वर्षीं जुलैमध्यें अर्स्किन यांनीं स्वतःच्या आयुष्याचा अंत करून घेतला.

अशा अवस्थेंत पॉल हॉफमन आणि हॅरल्ड व्हान्स या दोघांनीं कारखाना सांवरला. पिअर्स-ॲरो विकून टाकली, कारखाना चालू ठेवला आणि १९३५ पर्यंत कंपनी पुन्हां स्वतःच्या पायांवर उभी केली. १९३९ सालीं काढलेली 'चॅम्पियन' ही हलकी, थोड्या पेट्रोलवर चालणारी मोटार लोकांना पसंत पडली. दुसऱ्या महायुद्धांत या कारखान्यानें सुमारें २ लाख लष्करी मालमोटारी बांधल्या. त्यांचा मोठा भाग सोव्हिएत रशियाला गेला. बॉम्बफेकी विमानांचीं एंजिनेंही येथें तयार झालीं. १९४८ सालीं युरोपच्या पुनर्रचनेसाठीं मार्शल योजना निघाली तेव्हां तिच्या कारभारासाठीं हॉफमन यांचीच निवड झाली.

युद्ध संपतांच नव्या घडणीची मोटार बाजारांत आणण्यांत स्टुडबेकरनें मोठमोठ्या प्रतिस्पर्ध्यांना मागें टाकलें. १९४७ सालच्या त्या मोटारीची मागची कांच इतकी रुंद व वळणदार होती कीं गाडी येत आहे कीं जात आहे हें कळत नाहीं, असें लोक विनोदानें म्हणत. १९५० सालीं विक्रीचा उच्चांक झाला. परंतु त्या भरभराटींतच पुढील आपत्तीचें मूळ होतें. इमारती जुन्या, मजुरीचे दर इतरांहून चढे. आणि सुगीच्या त्या वर्षांत जो पैसा नवीन यंत्रसामग्रींत घालावयास हवा होता त्यांतील पुष्कळसा लाभांशाच्या रूपानें वांटला गेला.

येथें शाळेंतील एक उदाहरण घेऊं. समजा, नव्या नमुन्याचे पत्रे दाबण्याच्या सांच्यांना २ कोटी डॉलर लागले. ज्याच्या १० लाख मोटारी खपतात त्याच्या दर मोटारीवर या खर्चाचा बोजा २० डॉलर. ज्याच्या १ लाख खपतात त्याच्यावर २०० डॉलर. लहान कारखान्याची मोटार कितीही चांगली असो, हें गणित त्याच्या मानगुटीवर बसलेलें असतें. १९५३ सालीं फोर्ड आणि शेव्हरोलेट यांनीं एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठीं भाव पाडले, तेव्हां हत्तींच्या झुंजींत गवत तुडवलें जावें तसें लहान कारखान्यांचें झालें. त्याच वर्षीं रेमंड लोवी यांच्या चित्रशाळेंतून आलेली स्टुडबेकरची कूपे मोटार आजही जाणकार वाखाणतात. पण कारखान्यानें साध्या मोटारींची तयारी अधिक केली होती आणि लोकांनीं मागितली ती कूपे. १९५४ च्या ऑक्टोबरांत स्टुडबेकर आणि पॅकार्ड या दोन कंपन्या एक झाल्या. पुढें हिशेब तपासतां असें दिसलें कीं, तोटा टाळावयाचा तर वर्षाला सुमारें २ लाख ८२ हजार मोटारी खपावयास हव्यात. आणि १९५४ सालीं स्टुडबेकरच्या खपल्या होत्या जेमतेम ८२ हजार. दोघां बुडणाऱ्यांनीं एकमेकांस मिठी मारावी, तसा तो संयोग ठरला. १९५८ नंतर पॅकार्ड नांवाची मोटार निघाली नाहीं. १९५९ सालीं 'लार्क' या आटोपशीर मोटारीनें एकदां नफा दाखविला, पण मोठ्या कंपन्यांनींही तशाच मोटारी काढल्या. ९ डिसेंबर १९६३ रोजीं साउथ बेंडचा कारखाना बंद होणार असें जाहीर झालें, आणि नाताळापूर्वीं शेवटची मोटार तेथून बाहेर पडली. कॅनडांतील हॅमिल्टन येथें काम आणखी थोडें चाललें. १९६६ च्या मार्चमध्यें तेंही थांबलें.

आतां ती गोष्ट. १९५० सालीं कारखाना आणि कामगार संघ यांच्यांत निवृत्तिवेतनाचा करार झाला होता. योजना सुरू होण्यापूर्वीं केलेल्या नोकरीचीं वर्षेंही त्यांत धरलीं होतीं. हें न्याय्यच होतें. पण त्या जुन्या वर्षांसाठीं पूर्वीं पैसा सांठविलेला नव्हता. तो पुढील दीर्घ काळांत हप्त्याहप्त्यानें भरावयाचा होता. मधून मधून वेतनाची रक्कम वाढविण्यांत आली. प्रत्येक वाढीबरोबर न भरलेली बाकीही वाढली. निधींत जें असेल तेवढेंच द्यावयाचें, त्यापलीकडे कंपनीची जबाबदारी नाहीं, असें कलम करारांतच होतें. कारखाना चालत राहील, या एका गृहीतावर सारा डोलारा उभा होता.

१९६४ सालीं निधीची वांटणी झाली. जे निवृत्त झाले होते किंवा ज्यांचें वय साठ झालें होतें अशा सुमारें ३,६०० जणांना पूर्ण वेतनाची तरतूद झाली. ज्यांचें वय चाळीस ते एकोणसाठ होतें आणि नोकरी किमान दहा वर्षांची होती, अशा सुमारें ४,००० जणांना त्यांच्या हक्काच्या रकमेचा केवळ १५ टक्के भाग मिळाला. राहिलेल्या सुमारें २,९०० जणांना कांहींच मिळालें नाहीं. वयाची एकोणसाठ वर्षें पुरीं केलेला, सारी उमेद त्या भट्टीपाशीं घालविलेला मनुष्य साठीला कांहीं महिने कमी म्हणून रुपयांतले पंधरा पैसे घेऊन घरीं गेला. आणि कंपनी? तिनें मोटारींशिवाय इतर धंदे आधींच हातीं घेतले होते. त्यांवर ती पुढें कित्येक वर्षें चालली. कबूल केल्याहून अधिक द्यावें, हें ज्या घराण्याचें ब्रीद त्याच्याच नांवाच्या कंपनींत हें घडलें. कायद्यानें कोणीही गुन्हा केलेला नव्हता. करार करणाऱ्या दोन्ही पक्षांना बाकी दिसत होती. उद्यां भरूं, असें दोघांनींही मानलें होतें.

या प्रकरणाचा गवगवा अमेरिकेच्या कायदेमंडळापर्यंत पोंचला. दहा वर्षांच्या वादविवादानंतर १९७४ सालीं खाजगी निवृत्तिवेतनांचें नियमन करणारा कायदा झाला. निधींत ठराविक प्रमाणांत रक्कम भरलीच पाहिजे असें बंधन आलें, आणि योजना बुडाल्यास कांहीं मर्यादेपर्यंत वेतन देणारी विमा-संस्था सरकारनें स्थापिली. साउथ बेंडच्या कामगारांना त्याचा उपयोग झाला नाहीं. त्यांच्या मागून आलेल्या कोट्यवधींना झाला.

साउथ बेंड येथें आज स्टुडबेकरचें संग्रहालय आहे. गाडे, बग्ग्या आणि मोटारी तेथें नीट जपून ठेवलेल्या आहेत. ते पाहणारे कारागिरीचें कौतुक करतात, आणि तें योग्यच आहे. पण माझ्यासारख्या पेन्शनरानें या हकीकतीवरून घरांतील तरुणांना एक गोष्ट सांगावी असें मला वाटतें. नोकरी धरतांना म्हातारपणीं किती मिळणार, हें आपण विचारतों. तें कोठून मिळणार, त्यासाठीं दर महिन्याला किती बाजूला ठेवलें जातें आणि तें कोणाच्या हातीं असतें, हेंही विचारावें. विचारण्यांत संकोच कसला? गाडा घेणारा शेतकरीसुद्धां लांकूड वाळलें आहे कीं नाहीं, तें आधीं ठोकून पाहतो.