नौकेवरील संगीत आणि नाविकाचे कान

न्यूझीलंडमधील ऑकलंड बंदरात शिडाच्या नौकांची एवढी दाटी असते की, त्याला 'शिडांचे नगर' असेच म्हणतात. वाचकहो, कल्पना करा की, सुटीच्या दिवशी एक कुटुंब तेथून आपल्या लहानशा नौकेत बसून समुद्रावर निघाले आहे. खालच्या खोलीत आजोबांना संथ सूर हवे आहेत. वर बसलेल्या मुलांना ठेक्याचे गाणे हवे आहे. सुकाणू मात्र आईच्या हाती आहे. संगीतयंत्र खालच्या खोलीत असले, तर आवाज कमी करण्यासाठी तिने सुकाणू सोडून खाली जावे काय? आता त्याची गरज उरलेली नाही.

तिच्यासमोर एक पडदा आहे. सागरी नकाशा, पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा हे सारे त्यावर दिसते. ही माहिती पुरविणारी उपकरणे एकाच मुख्य तारेला जोडलेली असतात. निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेल्या उपकरणांना एकमेकांची भाषा कळावी, म्हणून अमेरिकेतील नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या संस्थेने 'एनएमईए २०००' ही पद्धत ठरवून दिली. ऑकलंडच्याच फ्युजन कंपनीने आपली संगीतयंत्रे या तारेला जोडण्याची सोय केली. २०१४ साली ही कंपनी गार्मिनने विकत घेतली.

या तारेतून गाणे वाहते, असे मात्र समजू नका. तिच्यातून सेकंदाला जास्तीत जास्त अडीच लाख बिट जातात. ध्वनितबकडीवरील संगीताला सुमारे चौदा लाख लागतात. म्हणून या तारेतून जातात त्या केवळ आज्ञा: 'आवाज कमी कर', 'पुढचे गाणे लाव'. सूर वेगळ्या तारांनी ध्वनिक्षेपकांपर्यंत पोहोचतात. मुलांच्या हातातील स्मार्टफोन याच आज्ञा वाय-फाय किंवा ब्लूटूथद्वारे बिनतारी देतो. त्यासाठी किनाऱ्यावरील दूरध्वनी मनोऱ्याची गरज पडत नाही. वरचा भाग आणि खालची खोली यांचे आवाजही निरनिराळे ठेवता येतात.

एवढी सोय झाल्यावर एका गोष्टीचा विसर पडू देऊ नये. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांतील पाचवा नियम सांगतो की, प्रत्येक नौकेने डोळ्यांनी आणि कानांनीही सतत पहारा ठेवला पाहिजे. धुक्यात चालणारे यांत्रिक जहाज जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक दीर्घ भोंगा देते. संकटात सापडलेल्याची हाक रेडिओच्या सोळाव्या वाहिनीवर येते. गाण्याच्या गोंगाटात हे दोन्ही बुडाले, तर उत्तम पडदाही काय कामाचा?

म्हणून सुकाणूजवळचा आवाज बेताचाच ठेवावा. अनेक यंत्रांत त्याची कमाल मर्यादा आधीच ठरवून ठेवता येते. मग मुलांनी फोनवरून कितीही वाढविला, तरी तो तेथेच थांबतो. ध्वनिक्षेपक होकायंत्रापासून दूर बसवावा. त्यातील लोहचुंबकाने सुई ढळते. धुके दिसू लागताच संगीत बंद करावे.

पडद्याला बोट लावताच आई सारे सूर थांबवू शकते. या सोयीचे खरे मोल गाणे लावण्यात नाही. योग्य क्षणी ते थांबविता येण्यात आहे.