घरच्या घरी कोल्ड एअर इनटेक : रचना, जोडणी आणि मर्यादा

बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची गार हवा इंजिनापर्यंत आणणारी नळी आणि तिच्या टोकाला बसवलेला फिल्टर, या जोडणीला कोल्ड एअर इनटेक म्हणतात. बाजारात ती तयार मिळते, पण प्लंबिंगचे पाइप आणि रबरी कपलर वापरून ती घरीही बनवता येते. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात होंडा सिव्हिकसारख्या छोट्या जपानी मोटारी हौसेने सजवण्याची आणि पळवण्याची लाट आली, तेव्हा हा घरगुती प्रकार चांगलाच रुळला. सिव्हिक त्यासाठी सोयीची होती. जुनी गाडी स्वस्तात मिळे, बॉनेटखाली हात घालायला जागा होती आणि आत येणारी हवा मोजणारा नाजूक सेन्सर तिच्या नळीत नव्हता.

इंजिनाची ताकद पेट्रोलावर जितकी अवलंबून असते, तितकीच हवेवरही असते. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबात, १ लिटर पेट्रोलामागे ९ हजार लिटरच्या आसपास हवा इंजिनात जाते. सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते. त्यात हवा किती ‘वजनाची’ मावते हे तिच्या तापमानावर ठरते. २० अंश सेल्सिअसला १ घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२० किलो भरते, तर ६० अंशांना १.०६ किलो. ढोबळ हिशेब असा, की हवा ३ अंशांनी तापली की तिची घनता सुमारे १ टक्क्याने उतरते. शिवाय हवा फार गरम असली तर इंधन अवेळी पेटून बसणारा ठोका (नॉकिंग) टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद आणखी घटते.

या आकड्यांवरून मोठ्या फायद्याची आशा वाटते. बाहेर ३० अंश आणि बॉनेटखाली ६० अंश धरले तर घनतेतला फरक ९ टक्के पडतो. पण कंपनीने बसवलेला हवेचा डबा बहुधा बॉनेटखालची हवा ओढतच नाही. त्याचे तोंड जाळीमागे, हेडलाइटच्या बाजूला किंवा सिव्हिकप्रमाणे मडगार्डाच्या पोकळीकडे असते. त्यामुळे घरगुती इनटेकची तुलना ६० अंशांच्या हवेशी करून चालत नाही. मूळ डब्याला मिळणाऱ्या हवेशी करावी लागते, आणि ती बाहेरच्या हवेपेक्षा थोडीच गरम असते. मूळ डबा काढून, इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीजवळ उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला, तर इंजिनाला आधीपेक्षा गरम हवा मिळू शकते. या आखूड प्रकाराला शॉर्ट रॅम म्हणतात. कोल्ड एअर इनटेक त्याहून वेगळा असतो : त्याचा फिल्टर इंजिनाच्या खोलीबाहेर, बंपरच्या किंवा मडगार्डाच्या पोकळीत असतो.

मूळ डब्याला जोडलेला प्लास्टिकचा पोकळ भाग, म्हणजे रेझोनेटर, पुष्कळांना निरुपयोगी वाटतो आणि सर्वांत आधी तोच काढला जातो. हवा ओढताना इंजिन जी घरघर करते, तिचा ठराविक कंप दाबून टाकणे हे त्याचे काम. तो निघाला की ॲक्सिलरेटर दाबताच मोठा घुमणारा आवाज येतो. या बदलानंतर गाडी ‘जोरात पळते’ असे वाटण्यामागे या आवाजाचा वाटा मोठा असतो.

रचनेतला पहिला प्रश्न नळीच्या व्यासाचा. १९९६ ते २००० च्या सिव्हिक ईएक्समधले १.६ लिटरचे इंजिन मिनिटाला ६६०० फेऱ्यांवर १२७ अश्वशक्ती देते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा सगळे सिलिंडर भरतात. सिलिंडर ८५ टक्के भरतात असे धरले, तर या वेगाला दर सेकंदाला सुमारे ७४ लिटर हवा लागते. अडीच इंची नळीतून ती ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास धावते, तीन इंचीतून ६० च्या खाली. अशा छोट्या इंजिनाला अडीच ते तीन इंच पुरे. त्याहून जाड नळी जागा अडवते, बदल्यात फारसे काही देत नाही.

दुसरा प्रश्न साहित्याचा. पांढरा पीव्हीसी पाइप सर्वत्र मिळतो, पण ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो. रेडिएटरला किंवा एक्झॉस्टला खेटून तो नेऊ नये. कॅलिफोर्नियात सांडपाण्यासाठी वापरला जाणारा काळा एबीएस पाइप उष्णता जास्त सोसतो. ॲल्युमिनियमची नळी टिकाऊ आणि देखणी असली तरी लवकर तापते. मात्र पूर्ण वेगात हवा मीटरभर नळी सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास ओलांडते, तेवढ्यात ती फारशी तापत नाही. फरक पडतो तो गाडी सिग्नलला उभी असताना. कपडे वाळवण्याच्या यंत्राची चुण्यांची नळी वळवायला सोपी असली, तरी आतल्या चुण्या हवेला अडवतात आणि कागदासारखा पातळ पत्रा फाटतो. ती वापरू नये.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडावी. मग मूळ डबा, नळी आणि रेझोनेटर काढून ते सगळे स्क्रूंसह जपून ठेवावेत. थ्रॉटल बॉडीपासून फिल्टरच्या जागेपर्यंतचा मार्ग जाड तारेने वाकवून आखला, की कुठे किती वळण लागेल ते कळते. काटकोनी एका कोपराऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड थोड्या अंतराने घ्यावेत; हवेला कमी अडथळा होतो. पाइप बारीक दात्यांच्या करवतीने सरळ कापावा. कापलेल्या कडेला आतून उभी राहिलेली कोर कानशीने काढून, पॉलिश पेपर फिरवून, नळी पाण्याने धुऊन वाळवावी. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही, कारण फिल्टरच्या पुढे राहिलेला प्लास्टिकचा प्रत्येक कण थेट सिलिंडरमध्ये जातो.

यानंतर ब्रीदरच्या नळीची सोय करायची. इंजिनात पिस्टनच्या कडेने खाली झिरपणारे वायू एका रबरी नळीने मूळ इनटेकमध्ये परत सोडलेले असतात. ही नळी उघडी सोडली, तर तेलकट वाफ बाहेर पडते, आणि इंजिन त्याच तोंडातून न गाळलेली हवाही ओढू शकते. म्हणून नव्या पाइपला मापाचे भोक पाडून, रबरी ग्रोमेटमध्ये छोटी नळी घट्ट बसवून ब्रीदर तिला जोडावा. तापमानाचा सेन्सर मूळ नळीत असलेल्या गाड्यांत त्याच्यासाठीही असेच ग्रोमेट लावावे लागते.

इंजिन आपल्या रबरी माउंटवर सतत हलत असते, तर फिल्टर गाडीच्या बॉडीशी जोडलेला असतो. दोघांमधली नळी कडक असली तर सांधा सैल होतो किंवा थ्रॉटल बॉडीवर ताण येतो. त्यासाठी थ्रॉटल बॉडीला सिलिकॉनचा किंवा जाड रबराचा कपलर लावून, आत दोन्ही तोंडांमध्ये बोटभर अंतर ठेवावे आणि दोन्ही बाजूंना होस क्लिप आवळावी. नळीच्या मध्यावर रबरी वायसर घातलेला एक आधार बॉडीला द्यावा. फिल्टर बसला की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, टायर कुठे घासतो का ते पाहावे. मडगार्डाचे प्लास्टिक अस्तर काढून टाकू नये. चाकाने उडवलेला चिखल फिल्टरवर येऊ नये म्हणूनच ते असते.

हवेचे वजन तापलेल्या तारेने मोजणारा एमएएफ सेन्सर ज्या गाड्यांत असतो, तिथे घरगुती काम जास्त जोखमीचे. तो सेन्सर ठरावीक व्यासाच्या नळीसाठी जुळवलेला असतो. तो ६३ मिलिमीटरच्या नळीतून काढून ७६ मिलिमीटरच्या नळीत बसवला, तर नळीचे छेदक्षेत्र ४५ टक्क्यांनी वाढते, तारेवरून जाणारी हवा संथ होते आणि संगणक पेट्रोल कमी सोडतो. म्हणून सेन्सरचे मूळ घरच जसेच्या तसे वापरावे. तेल लावायच्या सुती फिल्टरला जास्त तेल झाले, तर ते उडून तारेवर बसते, हेही ध्यानात ठेवावे.

काम यशस्वी झाले की नाही, हे आवाजावरून ठरवू नये. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना इंजिनाच्या संगणकाशी स्कॅनर जोडण्यासाठी ओबीडी-२ चे तोंड असते. साध्या स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचे तापमान दिसते. तेच अंतर, त्याच वेळी, आधी मूळ डब्यासह आणि मग नव्या नळीसह चालवून आकडे जुळवावेत. अडथळा मोजायला पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरावे आणि एक टोक फिल्टरपुढच्या नळीला जोडावे. पूर्ण ॲक्सिलरेटरवर दोन बाजूंच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक पडला, तर हवेच्या दाबाचा सुमारे १ टक्का वाया जातो आहे. मूळ डबाच थोडा फरक दाखवत असेल, तर त्याहून मिळवण्यासारखे काही उरत नाही. गाडीच्या वेगाने हवा आत ‘कोंबली’ जाण्याचा लाभही किरकोळ आहे : ताशी १०० किलोमीटरला त्यातून वाढणारा दाब अर्ध्या टक्क्याहून कमी असतो. ॲव्हरेज वाढेल ही अपेक्षाही फोल ठरते, कारण गार हवा जास्त आली की संगणक त्या प्रमाणात पेट्रोलही जास्त सोडतो.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा. खाली बंपरमध्ये उतरवलेला फिल्टर साचलेल्या पाण्यात बुडाला, की इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वर सांगितलेल्या सिव्हिकच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन पूर्ण वर असताना सुमारे ४६ घन सेंटिमीटर जागा उरते, म्हणजे कटिंग चहापेक्षाही कमी पाणी इंजिन मोडायला पुरते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मूळ उंचीवर इनटेक असलेल्या मोटारीही पाण्यात बंद पडल्या. फिल्टर खाली असलेल्या गाडीला तर गुडघाभर पाणीही फार. उपाय म्हणून नळीच्या वरच्या भागात फोमने झाकलेली झडप बसवतात. खालचा फिल्टर बुडाला की ती उघडून हवा देते. पावसाळी गावात मात्र पावसाळ्यापुरता मूळ डबा परत लावणे अधिक शहाणपणाचे.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. कॅलिफोर्नियात धूर नियंत्रणावर परिणाम करणाऱ्या सुट्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. घरगुती नळीला तो नसल्याने ती गाडी स्मॉग तपासणीत अडते. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात परवानगीविना बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा घातली. विम्याचा दावाही अशा बदलावरून अडू शकतो.

एकूण हिशेब असा, की चांगल्या मूळ डब्याच्या गाडीवर घरगुती कोल्ड एअर इनटेक आवाज भरपूर देतो, ताकद थोडी देतो, आणि तीही फक्त पूर्ण ॲक्सिलरेटरवर. इंजिनाची हवा कशी चालते हे हाताने शिकायचे असेल, तर बंद आवारात किंवा ट्रॅकवर चालणाऱ्या जुन्या गाडीवर तो बनवावा. रोजच्या गाडीला वेळेवर बदललेला साधा कागदी फिल्टर पुरतो.