थैलीवाल्यांचं जग (लेखांक ६) : ओपॉसम वेगळा, पॉसम वेगळा

गेले पाच आठवडे आपण ऑस्ट्रेलियातच रमलो होतो. कांगारू, कोआला, वॉम्बॅट एवढी नावं घेतली की थैलीवाले प्राणी संपले, असा आपला समज असतो. पण युरोपातल्या माणसांनी पहिला थैलीवाला प्राणी पाहिला तो दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, कॅप्टन कुक ऑस्ट्रेलियाला पोचण्याआधी पावणेतीनशे वर्षं. कोलंबसाच्या पहिल्या सफरीत ‘निन्या’ जहाजाचा कप्तान असलेला विसेंते पिन्सोन १५०० साली ब्राझीलच्या बाजूला उतरला. त्याच्या लोकांच्या हाती एक मादी लागली. तिच्या पोटाला पिशवी होती आणि पिशवीत पिल्लं. ही मादी पुढे स्पेनमध्ये राजा फर्डिनंड आणि राणी इसाबेला यांच्यासमोर ठेवली गेली. त्या काळच्या इतिहासकारांनी तिचं वर्णन करताना कोल्ह्याचं तोंड, माकडाची शेपटी, वटवाघळाचे कान, माणसाचे हात अशी उसनवारी केली. शंभरेक वर्षांनी व्हर्जिनियात वसाहत करायला आलेल्या जॉन स्मिथला त्याच कुळातल्या प्राण्यात डुकराचं डोकं, उंदराची शेपटी आणि मांजराचा आकार दिसला.

ओपॉसमची हीच खरी अडचण आहे. पाचशे वर्षांत माणसाने त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी तुकड्यांतूनच पाहिलं.

नाव मात्र त्याला तिथल्या मातीतलं मिळालं. व्हर्जिनियाच्या पॉहॅटन लोकांच्या बोलीत ‘पांढरा, कुत्र्यासारखा प्राणी’ अशा अर्थाचा एक शब्द होता. स्मिथ आणि त्याचा समकालीन विल्यम स्ट्रेची यांनी तो कानाला जसा ऐकू आला तसा लिहून ठेवला. त्याचंच पुढे ओपॉसम झालं आणि अमेरिकेच्या रोजच्या बोलण्यात पहिलं अक्षर गळून पॉसम. १७७० साली कुकच्या जहाजावरचे निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स यांना ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर झाडावर राहणारा एक थैलीवाला प्राणी मिळाला. त्यांनी अमेरिकेतल्या ओपॉसमविषयी वाचलेलं होतं. तेव्हा त्यांनी हाही त्याच्याच जातकुळीतला मानला, आणि एका नावाखाली दोन खंडांतले प्राणी आले ते आजतागायत.

म्हणून न्यू जर्सीत राहणारी मावशी अंगणातल्या कचऱ्याच्या डब्याशी पॉसम आला म्हणते आणि मेलबर्नचा भाचा छपरावर पॉसम नाचतोय म्हणतो, तेव्हा दोघं वेगवेगळ्या प्राण्यांबद्दल बोलत असतात. मावशीचा तो व्हर्जिनिया ओपॉसम, शास्त्रीय नाव डायडेल्फिस व्हर्जिनियाना. भाच्याचा बहुधा ब्रशटेल पॉसम, म्हणजे ट्रायकोसुरस व्हल्पेक्युला. ओळखायचं तर शेपटी पाहावी. अमेरिकेतल्याची उघडी, खवल्यांची. ऑस्ट्रेलियातल्या ब्रशटेलची झुबकेदार. अभ्यासक मात्र दात आणि पाय पाहतात. ओपॉसमच्या तोंडात पुढचे बारीक दात पुष्कळ, आणि एकूण दात तब्बल ५०. ऑस्ट्रेलियन पॉसमच्या खालच्या जबड्यात पुढे येणारे दोन मोठे पटाशीचे दात असतात आणि मागच्या पायाची दोन बोटं कातडीने जोडलेली असतात. कांगारू आणि कोआला यांचीही हीच ठेवण. त्यामुळे मेलबर्नच्या छपरावरचा पॉसम हा कांगारूचा भाऊबंद. न्यू जर्सीतल्या ओपॉसमशी त्याचं नातं कैक कोटी वर्षांपूर्वीचं, फार दूरचं. ओपॉसमांचा गण वेगळा, डायडेल्फिमॉर्फिया. त्यात शंभराहून जास्त जाती आहेत. बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेत राहतात, काही उंदराएवढ्या लहान, तर यापोक नावाची एक पाण्यात पोहून शिकार करणारी. मेक्सिकोच्या उत्तरेला पसरलेला एकटा व्हर्जिनिया ओपॉसम.

हा घोळ नुसता पुस्तकी नाही. न्यूझीलंडमध्ये फरच्या धंद्यासाठी एकोणिसाव्या शतकात नेलेल्या पॉसमने तिथल्या जंगलांचं आणि पक्ष्यांचं अतोनात नुकसान केलं. २०५० पर्यंत त्याला देशातून हटवायचं सरकारी उद्दिष्ट आहे. तो पॉसम ऑस्ट्रेलियातला. अमेरिकेतल्या ओपॉसमचा त्यात काही संबंध नाही, पण नावामुळे बदनामी त्याच्याही वाट्याला येते.

आता त्याच्या जन्माकडे वळू, कारण माझ्या मते या प्राण्याचं खरं नवल तिथेच आहे. लिनियसने १७५८ साली या वंशाला डायडेल्फिस म्हटलं, म्हणजे दोन गर्भाशयांचा. जुन्या निसर्गअभ्यासकांना थैली हेच दुसरं गर्भाशय वाटे. पण १६९८ सालीच लंडनच्या एडवर्ड टायसन यांनी व्हर्जिनियाहून आलेल्या एका मादीचं विच्छेदन करून आतली रचना प्रसिद्ध केली होती. थैली सोडूनही मादीला खरोखरच दोन गर्भाशयं असतात. नराचं लिंगही टोकाशी दुभंगलेलं असतं. एवढ्यावरून अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत एक समजूत रुजली : नर मादीच्या नाकपुड्यांतून समागम करतो आणि मादी शिंकून पिल्लं थैलीत टाकते. प्रसूतीच्या वेळी मादी तोंड थैलीत घालून चाटत बसते, ते कुणी पाहिलं असेल, त्यावरून ही कथा जुळली असावी. १९२० साली टेक्सासमध्ये कार्ल हार्टमन यांनी प्रत्यक्ष प्रसूती पाहून तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. गर्भकाळ जेमतेम १३ दिवसांचा. जन्मणारं पिल्लू मधमाशीएवढं, आंधळं, मागचे पाय अर्धवट. पुढच्या पायांना मात्र नख्या आलेल्या. आईच्या केसांना धरून, एकेक हात पुढे टाकत, ते स्वतःच थैलीपर्यंत चढतं. आई त्याला उचलत नाही. थैलीत स्तनाग्रं साधारण १३ आणि पिल्लं कधी कधी वीसच्या वर. ज्याला स्तनाग्र मिळालं ते जगलं. तोंडात धरल्यावर स्तनाग्र फुगतं आणि पिल्लू सुमारे दोन महिने तिथेच चिकटून राहतं. इतका कच्चा जीव इतकी वाट चालून जातो, हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

ओपॉसमचं मेल्याचं सोंग प्रसिद्ध आहे, पण ते सोंग नव्हे. भ्यालेला ओपॉसम आधी फिसकारतो, पन्नासही दात दाखवतो. एवढ्याने भागलं नाही तर आडवा होतो. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळते, गुदाजवळच्या ग्रंथींतून घाण वास सुटतो. हलवलं तरी हालत नाही. यात त्याची इच्छा चालत नाही. शरीरच त्याला पाडतं. मेंदू मात्र जागा असतो, हे १९६४ साली विद्युतलहरींच्या नोंदीतून दिसलं. काही मिनिटांनी, क्वचित काही तासांनी, कान हलतात आणि तो उठून चालू लागतो.

अलीकडे वारं फिरलं आहे. ज्याला पूर्वी घाणेरडा म्हणून मारत, त्याला आता अमेरिकेत समाजमाध्यमांवर डोक्यावर घेतलं जातं. कारण काय, तर एक ओपॉसम हंगामात पाच हजार गोचिडी खाऊन लाइम रोग आवरतो. हा आकडा २००९ च्या एका प्रयोगावरून काढलेला. पिंजऱ्यातल्या ओपॉसमांच्या अंगावर गोचिडीची पिल्लं सोडली, आणि जी परत सापडली नाहीत ती खाल्ली असं धरलं. २०२१ साली इलिनॉयमधल्या ३२ ओपॉसमांच्या पोटातलं अन्न सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तेव्हा एकही गोचीड सापडली नाही. दुसरीकडे, ओपॉसमच्या विष्ठेतून घोड्यांना मज्जासंस्थेचा गंभीर आजार होतो, हे पक्कं ठाऊक आहे. जगायचा हक्क मिळवण्यासाठी प्राण्याला खोटी कर्तबगारी चिकटवावी लागते, याचं मला वाईट वाटतं.

खरी कर्तबगारी हवीच असेल तर ती त्याच्या रक्तात आहे. ओपॉसमच्या कित्येक जाती विषारी साप खातात आणि दंश पचवतात. त्या रक्तातल्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा जिवाणूंकरवी तयार करून सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या क्लेअर कोमाइव्ह्ज यांच्या गटाने उंदरांवर तपासला. २०१५ साली त्यांनी सांगितलं की रॅटलस्नेकच्या आणि आपल्याकडच्या घोणसच्या विषापासून उंदीर वाचले. त्यातून माणसांसाठी औषध अजून झालेलं नाही. पण दरवर्षी सर्पदंशाने हजारो माणसं गमावणाऱ्या देशाने या कामावर लक्ष ठेवायला हवं.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. रात्री अंगणात ओपॉसम आला तर त्याला मारू नका, पाळायलाही जाऊ नका. कुत्रा आत घ्या आणि कचऱ्याचा डबा घट्ट लावा, तो आपोआप निघून जाईल. रस्त्याच्या कडेला मेलेली मादी दिसली तर जवळच्या वन्यप्राणी पुनर्वसन केंद्राला फोन करा. थैलीत जिवंत पिल्लं असू शकतात. ती ओढून काढू नका, स्तनाग्राला चिकटलेली असल्याने त्यांच्या तोंडाला इजा होते.